वडिलांना अल्झायमर आणि सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर: कायद्याची मदत कुठे, कशी मिळते?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७४ वर्षांचे, पुण्यात राहतात. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. फ्लॅट आणि बहुतेक एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत. सही दर वेळी वेगळी येते म्हणून बँकेने चेक परत केला. आईने बँकेचे व्यवहार कधी केलेले नाहीत, बहीण अमेरिकेत आहे. ओळखीचा एक एजंट म्हणतो, "अंगठा घेऊन कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून टाकू, आठ दिवसांत काम होईल." करावं का? नाही तर मग कुणाकडे जायचं, आणि खर्च झेपेल का?

उत्तर:

एजंटाला आजच नाही म्हणा. वडिलांना त्या कागदात काय लिहिलंय हे समजत नसेल, तर ते मुखत्यारपत्र झाल्या दिवसापासून निकामी आहे. त्याच्या जोरावर पुढे फ्लॅट विकला किंवा एफडी मोडली, तर कोर्टात उभं राहावं लागेल ते तुम्हाला. एजंट तोवर कुठे असेल सांगता येत नाही.

मुखत्यारपत्राबद्दलचा गैरसमज घरोघरी आहे, तो आधी दूर करू. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०१ सांगतं की मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन विकल झालं, म्हणजे समजून निर्णय घेण्याची शक्ती गेली, की मुखत्याराचे अधिकार संपतात. म्हणजे वडिलांनी चार वर्षांपूर्वी, पूर्ण भानावर असताना, दस्तनोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधकांसमोर रीतसर केलेलं मुखत्यारपत्र असतं तरी ते आज वापरता आलं नसतं. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये माणसाची क्षमता गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. बहिणीने तिकडे त्याबद्दल ऐकलं असेल आणि "तसंच करून घ्या" असं ती सांगत असेल. आपल्या कायद्यात ती सोय नाही. "माझी मानसिक क्षमता गेल्यावरही हे मुखत्यारपत्र चालू राहील" असं वाक्य काही जण मजकुरात घालून देतात, पण कलम २०१ पुढे त्याचा टिकाव लागत नाही.

दुसरा गैरसमज पालकत्वाचा. नवरा आजारी पडला म्हणून बायको कायद्याने त्याची पालक होत नाही, मुलगाही होत नाही. नैसर्गिक पालक हा प्रकार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलांपुरता आहे. सज्ञान माणसाच्या मालमत्तेवर दुसऱ्या कुणाचा अधिकार चालायचा तर एक तर त्याने स्वतः समजून-उमजून दिलेला असला पाहिजे, नाही तर कोर्टाने. तुमचा पुढचा सगळा मार्ग या दोनपैकी कोणत्या बाजूने जातो हे ठरवायला हवं, आणि ते ठरतं वडिलांच्या आजच्या क्षमतेवर.

निदान झालं म्हणजे क्षमता गेली, असं नाही

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचे गंभीर विकार येतात. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये असंही स्पष्ट म्हटलंय की असा आजार आहे एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही, ते कोर्टाने ठरवावं लागतं. करार कायद्याचं कलम १२ आणखी पुढे जातं. एरवी विकल मनाचा असलेला माणूसही मधल्या भानावरच्या काळात करार करू शकतो. मृत्युपत्राबाबत भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ५९ मध्ये हेच तत्त्व आहे.

म्हणून पहिली भेट वकिलाची नको, न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाची घ्या. त्यांना नुसतं "सर्टिफिकेट द्या" म्हणू नका. त्यांना विचारा की वडील बँक खात्याची पद्धत बदलण्याचा निर्णय समजून घेऊ शकतात का, मृत्युपत्र करू शकतात का, फ्लॅट कुणाला देण्याचा निर्णय घेऊ शकतात का. प्रत्येक निर्णयाला लागणारी समज वेगळी असते. "माझ्यानंतर सगळं बायकोला" हे जाणीवपूर्वक ठरवू शकणारा माणूस बिल्डरशी करायच्या विकसन कराराच्या पन्नास पानांवर सही करण्याइतका सक्षम असेलच असं नाही. ३० गुणांच्या स्मरण चाचणीत किती गुण पडले, यावर एकट्यावर कोर्टही निर्णय देत नाही. डॉक्टरांनी तारीख, वेळ, विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं लिहून "अमुक व्यवहाराचं स्वरूप आणि परिणाम यांना समजतात" असं म्हटलेलं पत्र दोन ओळींच्या "फिट" दाखल्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं.

समज शिल्लक असेल तर

मग वेळ घालवू नका. आज जे काम दोन कागदांत होतं त्यालाच सहा महिन्यांनी उच्च न्यायालयात जावं लागू शकतं. क्रम असा ठेवा: आधी बँक, मग उपचारांसाठीचा प्रतिनिधी, मग मृत्युपत्र. फ्लॅटचं हस्तांतरण सगळ्यात शेवटी, आणि खरंच गरज असेल तरच.

बँकेत वडिलांना घेऊन जा. ७० वर्षांवरच्या ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून दिलेल्या आहेत, त्यामुळे नेणं शक्य नसेल तर घरी येण्याची मागणी लेखी करा. बचत खात्यात आईचं नाव घालून व्यवहाराची पद्धत "दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असेल तो" अशी करून घ्या. "दोघांच्या सहीने" अशी पद्धत राहिली तर नाव घालूनही उपयोग शून्य. एफडीच्या बाबतीत लोक इथेच फसतात. पावतीवर दोन नावं असली तरी मुदतीआधी मोडायला बऱ्याच बँका दोघांच्या सह्या मागतात. मुदतपूर्व रक्कम काढण्याचा अधिकार एकालाही राहील असं संमतीपत्र आजच देऊन ठेवा. नवी एफडी करताना एक मोठी करण्यापेक्षा लहान लहान आणि वेगवेगळ्या मुदतीच्या करा, म्हणजे दर तीन-चार महिन्यांनी काही रक्कम आपोआप खात्यात येत राहील. लॉकरही संयुक्त करून घ्या.

संयुक्त खात्यालाही एक मर्यादा आहे. एका खातेदाराची मानसिक क्षमता गेल्याचं बँकेला अधिकृतपणे कळलं, तर बँक संयुक्त खात्याचे व्यवहारही थांबवू शकते. त्यामुळे आईच्या स्वतंत्र खात्यात किमान सहा महिन्यांच्या औषधपाण्याची आणि घरखर्चाची रक्कम असलीच पाहिजे. वडील आज समजून देऊ शकत असतील तर ती त्यांच्या सहीनेच वळती करा.

थरथरत्या सहीसाठी अंगठ्याची सोय बँकांमध्ये आहे. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. पण ही सोय हात चालत नाही अशा माणसासाठी आहे, समज गेलेल्यासाठी नाही. तुमच्या वडिलांचा अडसर फक्त सहीचा असेल आणि चेक कशाचा आहे हे ते सांगू शकत असतील, तर शाखा व्यवस्थापकांना हे लेखी कळवा. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

एटीएमचा पिन किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड वापरून मुलं वर्षानुवर्षं काम चालवतात. अडचण समजते, पण बँकेच्या अटींत हे बसत नाही, आणि उद्या भावंडांत बिनसलं की याच नोंदी "वडिलांचे पैसे लाटले" या आरोपाचा पुरावा होतात. कोर्टाचा आदेश येईपर्यंत दुसरा इलाजच नसेल, तर निदान प्रत्येक रुपयाची पावती आणि तारीखवार वही ठेवा. महिन्याकाठी तो हिशेब बहिणीला पाठवत चला.

उपचारांसाठीचा प्रतिनिधी नेमणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. २०१७ च्या कायद्याचं कलम १४ सांगतं की कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. मानसिक आजाराच्या उपचारांबाबत, दाखल करण्या-न करण्याबाबत रुग्णाच्या वतीने बोलण्याचा मान त्याला मिळतो. स्टँप लागत नाही. मात्र या कागदाने पैशाचा किंवा घराचा काडीचाही अधिकार मिळत नाही. तो घेऊन बँकेत जाऊ नका.

मृत्युपत्र करण्याचा दिवस

इथे थोडं थांबतो, कारण अल्झायमर असलेल्या माणसाच्या मृत्युपत्राला पुढे आव्हान मिळण्याची शक्यता मोठी असते आणि ते टिकतं की नाही हे त्या एका दिवसाच्या तयारीवर ठरतं.

कायद्याला लागतं ते थोडंच: साधा कागद, करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदार. त्या दोघांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझीच असं त्याने त्यांना सांगितलेलं असावं, आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या केलेल्या असाव्यात. स्टँप नको, नोंदणीची सक्तीही नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगून ठेवलंय की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर आहे. आजारी माणूस, आणि ज्याला सगळं मिळणार त्यानेच वकील आणला, गाडी केली, साक्षीदार जमवले, ही अशा संशयाची ठरलेली मांडणी आहे.

म्हणून वेळ सकाळची ठेवा. या आजारात संध्याकाळकडे गोंधळ वाढतो, आणि चारच्या अपॉइंटमेंटला वडील तुम्हालाच ओळखणार नाहीत असं होऊ शकतं. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं असू द्या. झोपेची किंवा शांत करणारी गोळी आदल्या रात्री दिली असेल तर डॉक्टरांना सांगा. मजकूर मराठीत, मोठ्या अक्षरांत, शक्यतो दोन पानांत. इंग्रजी मसुदा असेल तर "मला मराठीत वाचून समजावून सांगितला" हे वाक्य आणि समजावणाऱ्याची सही हवी. तुम्ही स्वतः खोलीबाहेर थांबा, आईलाही बाहेर बसवा. आत डॉक्टर, वकील आणि दोन साक्षीदार एवढेच असावेत. साक्षीदार वडिलांपेक्षा वयाने लहान, पुण्यातच राहणारे आणि ज्यांना मृत्युपत्रातून काहीच मिळणार नाही असे घ्या. एक साक्षीदार स्वतः डॉक्टर असेल तर उत्तम.

प्रश्न "हो-नाही" उत्तराचे नकोत. "फ्लॅट आईला द्यायचाय ना?" असं विचारलं की अल्झायमरचा रुग्ण मान डोलावतोच, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. त्याऐवजी विचारायचं: तुमच्याकडे काय काय आहे? मुलं किती, कुठे असतात? घर कुणाला द्यावंसं वाटतं, का? आजची तारीख चुकली तरी चालेल, या तीन प्रश्नांची उत्तरं त्यांच्या शब्दांत यायला हवीत. त्यांचं मोबाइलवर सलग चित्रण करा, मधे कापू नका. डॉक्टरांचं पत्र त्याच तारखेचं घ्या. नंतर जमलं तर नोंदणी करा. दुय्यम निबंधकांना घरी बोलावण्याची सोय नोंदणी कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. उत्तरं आलीच नाहीत, तर त्या दिवशी सही घेऊ नका. पुन्हा एखाद्या चांगल्या सकाळी प्रयत्न करा, किंवा मृत्युपत्र न करणंच पत्करा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण यांना समान वाटा मिळेल, आणि पुष्कळ घरांत तो निकाल काही वाईट नसतो.

बक्षीसपत्राची घाई नको

"नाही तरी सगळं तुलाच, तर आत्ताच बक्षीसपत्र कर" हा सल्ला महाराष्ट्रात फार ऐकू येतो. राहतं घर नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा), हे त्यामागचं कारण. पण मृत्युपत्र बदलता येतं, बक्षीसपत्राने घर त्याच दिवशी जातं. करायचंच असेल तर ते आईच्या नावे करा, आणि "देखभाल व मूलभूत गरजा पुरवण्याच्या अटीवर" हे शब्द त्यात घाला. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं, पण अट लेखी असली की काम सोपं होतं. तोंडी अटीवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणं गेली आहेत.

दुय्यम निबंधकांपुढेही एक गाळणी आहे. दस्त करून देणारा विकल मनाचा आहे असं त्यांना दिसलं, तर नोंदणी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे त्यांनी नोंदणी नाकारायची असते. "आम्ही बघून घेतो" म्हणणारा एजंट नेमकी हीच गाळणी चुकवायला बघत असतो.

गावाकडे जमीन असेल तर हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर, लक्ष ठेवा. आजारी भावाचा अंगठा घेऊन सातबाऱ्यावरून त्याचं नाव काढण्याचे प्रकार होतात. फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. त्या मुदतीत आजाराच्या कागदांसह लेखी हरकत द्या. त्यासाठी सातबारा महिन्यातून एकदा ऑनलाइन उघडून पाहायला हवा.

समज गेली असेल तर: बरोबर दार कोणतं?

कुटुंबं इथे महिनोन् महिने हेलपाटे घालतात, म्हणून आधी चुकीची दारं सांगतो.

राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालची स्थानिक स्तर समिती, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातली. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमते. अल्झायमर तिच्या कक्षेत येत नाही. बँका मात्र सवयीने तिचंच प्रमाणपत्र मागतात. पालक व पाल्य कायदा, १८९० फक्त अज्ञान मुलांसाठी आहे. त्याखाली केलेला अर्ज फेटाळला जातो आणि मधला वेळ वाया जातो. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेता यायचा. तो कायदा रद्द करून २०१७ चा आणला तेव्हा ही तरतूदच गळली. जुन्या पुस्तकावरून चालणारा वकील आजही त्या कलमांचा अर्ज लिहून देतो. कायदा करणाऱ्यांनी ही पोकळी भरायलाच हवी होती. तिचा भुर्दंड आज रुग्णांच्या बायकामुलांना पडतोय.

उरतात दोन वाटा. पहिली, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम १४, मर्यादित पालकत्व. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. यातला पालक रुग्णाशी सल्लामसलत करून, ठरावीक निर्णयापुरता आणि ठरावीक काळापुरता असतो. मधल्या टप्प्यातल्या रुग्णाला हे तत्त्वतः योग्य आहे. पण दाखल करण्याआधी बँकेच्या विधी विभागाला लेखी विचारा की असा आदेश ते मानतील का, आणि त्यात कोणते शब्द हवेत.

दुसरी, जास्त मळलेली वाट उच्च न्यायालयाची. कायद्यात तरतूद नाही म्हणून कोमातल्या आणि पूर्ण परावलंबी रुग्णांसाठी उच्च न्यायालयं राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली पालक नेमत आली आहेत. मुंबई उच्च न्यायालयानेही असे आदेश दिलेले आहेत, २०२० मध्ये कोमातल्या नवऱ्यासाठी पत्नीला पालक नेमलं तो त्यांतला एक. पुण्याची याचिका मुंबईत दाखल होईल. विदर्भासाठी नागपूर, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

याचिकेत काय हवं, याचा चांगला आराखडा केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी घालून दिला, आणि इतर न्यायालयंही तो पाहतात. आजाराचा इतिहास आणि कागद. रुग्णाच्या सगळ्या मालमत्तेची यादी. सर्व कायदेशीर वारसांची नावं आणि त्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं. पालक होऊ पाहणारा प्रत्यक्ष सांभाळ करतो याची माहिती. न्यायालय सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करवतं, महसूल अधिकाऱ्याला घरी पाठवून अहवाल मागवू शकतं, आणि नेमणुकीनंतर ठरावीक काळाने हिशेब मागतं.

याचिका अडते ती बहुधा मागणीच्या ओळीत. "सर्व मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार द्यावा" एवढंच लिहिलं आणि आदेशही तसाच आला, की बँक म्हणते, आमच्या खात्याचा उल्लेख कुठे आहे? म्हणून प्रत्येक खातं, एफडी, डिमॅट, लॉकर, विमा पॉलिसी आणि फ्लॅट यांचे क्रमांक-वर्णन परिशिष्टात देऊन, प्रत्येकावर काय करायचं आहे (पैसे काढणं, एफडी मोडणं, नूतनीकरण, सोसायटीत मतदान, भाड्याने देणं) ते स्वतंत्र मागा. महिन्याचा खर्च आकड्यांत मांडा: औषधं, दिवस-रात्रीचे मदतनीस, डायपर, फिजिओथेरपी, घरखर्च. फ्लॅट विकण्याची परवानगी हवी असेल तर का विकायचा, किती किंमत अपेक्षित, पैसे कुठे ठेवणार हे सगळं सांगावं लागेल. न्यायालय त्याबाबत जास्त सावध असतं, आणि असायलाच हवं. तातडीच्या उपचारांचे पैसे अडकले असतील तर तेवढ्यापुरता अंतरिम आदेश मागता येतो. वकिलाला ते पहिल्याच दिवशी सांगा.

वडिलांविरुद्ध किंवा त्यांच्या वतीने एखादा दावा आधीच चालू असेल, समजा भाडेकरूचा, तर त्या कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नियम १५ खाली अर्ज करून त्यांच्या वतीने दावा चालवणारा माणूस नेमून घ्या (ते वादी असतील तर वादमित्र, प्रतिवादी असतील तर वादपालक). हे न करता झालेला निकाल पुढे उलटू शकतो.

गोव्यात घर असेल तर गोव्यातलाच वकील गाठा. तिथे नवरा-बायकोच्या मालमत्तेत साधारणपणे दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो आणि स्थावर विकायला दोघांची संमती लागते. त्यामुळे एकाला अल्झायमर झाला की दुसऱ्याचंही घर अडकतं.

वकील कसा निवडायचा, पैसे नसतील तर?

पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा: कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली अर्ज करणार? कोणत्या कोर्टात? अशी पालकत्वाची प्रकरणं आधी चालवली आहेत का? "मुखत्यारपत्र करून टाकू" असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा. फी टप्प्याटप्प्याने, लेखी ठरवा. मसुदा, दाखल करणं, प्रत्येक तारीख, आणि आदेशानंतर बँकेशी पत्रव्यवहार. हा शेवटचा टप्पा फीमध्ये धरलेला नसतो आणि काम तिथेच रखडतं. मृत्युपत्र करायचं असेल तर त्यासाठीचा वकील वडिलांचा असावा, तुमची याचिका चालवणारा नको.

भेटीला जाताना निदानाचे आणि एमआरआयचे कागद तारखेच्या क्रमाने, फ्लॅटचा करार आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पासबुकं, एफडी पावत्या, विम्याची यादी, सगळ्या वारसांचे आधार-पॅन, बँकेने चेक परत केल्याचा मेमो आणि असलेलं-नसलेलं जुनं मुखत्यारपत्र न्या. बँकेचा नकार तोंडी असेल तर लेखी मागा. कोर्टात जाण्याचं कारण तोच कागद दाखवतो.

पैशांची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ वाचण्यासारखं आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे याचिका तुमच्याऐवजी आईने केली तर तिला मोफत वकिलाचा हक्क आहे. तुम्हाला उत्पन्नाच्या मर्यादेत बसावं लागेल. पुण्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. उच्च न्यायालयातल्या कामासाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हेल्पलाइन १५१००. मिळालेला वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो. तो अर्ज द्यायला संकोच करू नका.

कोणी नातेवाईक सांभाळ टाळत असेल किंवा वडिलांना घरातून काढत असेल, तर प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. फोनवरून कोणी पैसे काढून घेतले तर त्याच तासाला १९३० वर कळवा, आणि वडिलांच्या खात्याची ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा आधीच कमीत कमी करून ठेवा.

आता बहिणीबद्दल. तिला "नुसती सही कर" म्हणून शेवटी कळवू नका. मालमत्तेची यादी, डॉक्टरांचं पत्र आणि याचिकेचा मसुदा तिला आधी पाठवा. एका वारसाची हरकत आली की सरळ याचिका वादाची होते, आणि पुष्कळदा त्या हरकतीमागे मालमत्ता नसतेच, न विचारल्याचा राग असतो. तिचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, किंवा स्थानिक नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिथलं सरकार देतं तो शिक्का) घेऊन मागवा. स्वतःच्या वतीने भारतात काम करायला ती कुणाला मुखत्यारपत्र देणार असेल, तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. पाकिटावरची कुरिअरची तारीख जपून ठेवा, मुदत तिच्यावरूनच दाखवावी लागते.